जुनी ॲल्युमिनियमची बोट घेताय? पत्र्याआधी लाकूड तपासा

अमेरिका-कॅनडातल्या मिनेसोटा, विस्कॉन्सिन, आँटॅरिओ या भागांत तळ्यांवरचा बर्फ वितळला की घरांसमोर ट्रेलरवर चढवलेल्या, ‘विकणे आहे’ची पाटी लावलेल्या ॲल्युमिनियमच्या बोटी दिसू लागतात. लांबी चौदा-सोळा फूट, मागे छोटी आउटबोर्ड मोटर. तिकडे राहून गळाने वॉलाय, पर्च किंवा बास धरण्याची गोडी लागलेल्यांना पहिली बोट म्हणून हीच परवडते. तीस-चाळीस वर्षं जुनी बोटही अजून उत्तम चालत असते, त्यामुळे वापरलेली घ्यायला कचरू नका. मात्र ती पाहायला जाताना एक गोष्ट डोक्यात पक्की असू द्या. गोड्या पाण्यात पत्रा सहसा दगा देत नाही. दगा देतं ते पत्र्याला जोडलेलं लाकूड, तळाशी भरलेला फोम आणि पत्र्याला टेकून राहिलेला परका धातू. नवा रंग, मऊ खुर्च्या आणि मासे कुठे आहेत ते दाखवणारा चकचकीत फिश फाइंडर या तिन्हींवर पांघरूण घालतात.

कोकणात किंवा गोव्यात फायबरच्या होड्या पाहिलेल्यांनी आधीच्या सवयी थोड्या बाजूला ठेवाव्यात. फायबर आपटला की तडकतो, ॲल्युमिनियम चेपतं. गोलसर पोच आला असेल तर बहुतेक वेळा काळजी नको. पण धारदार घडी पडली असेल, तर तिथे पत्रा ताणला जाऊन पातळ झालेला असतो आणि पुढची चीर तिथूनच जाते.

आधी पाणी, मग बोट

कुठे मासे धरणार हे ठरल्याशिवाय लांबी-रुंदी ठरवू नका. सपाट तळाची बोट, जिला तिकडे जॉन बोट म्हणतात, उथळ, शांत पाण्यासाठी उत्तम. ती डुलत नाही, वीतभर पाण्यातही जाते आणि स्वस्त असते. वारा सुटला की मात्र प्रत्येक लाट तळावर धपाधप आदळते. इंग्रजी ‘व्ही’सारखा तळ लाट कापतो, पण उभं राहून गळ टाकताना जास्त डुलतो आणि त्याला मोटरही थोडी मोठी लागते.

दोघांना लहान-मध्यम तळ्यांवर फिरायला चौदा फुटी व्ही-तळाची बोट आणि १० ते २५ हॉर्सपॉवरची मोटर पुरते. तिघं असाल किंवा मिनेसोटातल्या मिल लॅक्ससारख्या मोकळ्या, पसरट तळ्यावर जाणार असाल, तर सोळा फुटांच्या खाली येऊ नका. अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या लेक ईरी या विशाल तळ्याची गोष्ट वेगळी. त्याची सरासरी खोली जेमतेम १९ मीटर आहे, त्यामुळे वाऱ्याबरोबर तिथे आखूड आणि उभ्या लाटा फार लवकर उठतात. तिथे सतरा-अठरा फूट लांब, खोल व्ही-तळाची आणि उंच कडांची बोट हवी. चौदा फुटी घेऊन ‘किनाऱ्याजवळच राहू’ हा बेत वारा फिरला की कोसळतो.

पाटी आणि क्रमांक

अमेरिकेत बनलेल्या वीस फुटांखालच्या मोटरबोटीवर क्षमतेची छोटी पाटी असते. किती माणसं, माणसं-मोटर-सामान मिळून किती वजन आणि जास्तीत जास्त किती हॉर्सपॉवर, हे तिच्यावर लिहिलेलं असतं. मोटर त्या आकड्याहून मोठी बसवलेली दिसली तर दोन गोष्टी समजा. विम्याचा दावा अडू शकतो आणि मागच्या फळीने इतकी वर्षं जास्तीचा ताण सोसलेला आहे. पाटीच उखडलेली असेल तर कारण विचारा.

मागच्या बाजूला, उजवीकडे वरच्या कोपऱ्यात बारा अक्षरी-अंकी क्रमांक कोरलेला असतो. पहिली तीन अक्षरं कारखान्याची. १९८४ नंतरच्या बोटींवर शेवटचे दोन अंक मॉडेलचं वर्ष सांगतात. हा क्रमांक बोटीच्या कागदांवरच्या क्रमांकाशी एकेक अक्षर ताडून पाहा. एक अक्षर जरी वेगळं असलं तरी पैसे देऊ नका.

पत्रा किती जाड, जोड कसला

या बोटींना बहुधा ५०५२ नावाचा मिश्रधातू वापरतात. वेल्ड केलेल्या जाड, दणकट बोटींना ५०८६ किंवा ५०८३. दोन्हींत मॅग्नेशियम असतं आणि दोन्ही गंजाला चांगली टक्कर देतात. जाडी इंचाच्या हजाराव्या भागात सांगतात: ०.०६३ म्हणजे साधारण १.६ मिलिमीटर, ०.०८० म्हणजे २, ०.१०० म्हणजे अडीच मिलिमीटर. खडकाळ किनाऱ्याला बोट वारंवार लावणार असाल तर तळाला ०.०८० पेक्षा कमी घेऊ नका. विकणारा आकडा सांगेल तो तळाचा की बाजूंचा, हे विचारा. बाजूंचा पत्रा पातळ असला तर चालतं.

रिवेटची (पत्रे ठोकून बसवलेल्या धातूच्या खिळींनी जोडलेली) घ्यावी की वेल्डची, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. आमचं मत स्पष्ट आहे: सोळा फुटांपर्यंत चांगली रिवेट मारलेली बोट बिनधास्त घ्या. दुसऱ्या महायुद्धानंतर विमानांच्या कारखान्यांतली हीच पद्धत बोटींत आली. ग्रुमन या विमान कंपनीने विमानांबरोबर ॲल्युमिनियमचे कनू काढले, तर १९४८ मध्ये मिनेसोटातल्या न्यूयॉर्क मिल्स गावात लुंड या बोट कंपनीची सुरुवात झाली. रिवेट सैल झाली तर ती एकटीच पाझरते आणि तिची दुरुस्ती घरी होते. वेल्डच्या उष्णतेने शेजारचा पत्रा मऊ पडतो. त्यामुळे चीर वेल्डमध्ये नव्हे, तर वेल्डच्या अगदी कडेला जाते. टॉर्च तिरकी धरून पुढच्या नाळीवरची ओढकडी, सीटचे कोपरे आणि आतल्या आडव्या बरगड्यांची टोकं पाहा. केसाएवढी काळी रेघ दिसली तर तिच्यावरून नख फिरवा. नख अडलं तर ती चीर.

ट्रान्सम: इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा

बोटीची मागची उभी भिंत, जिच्यावर मोटर अडकवतात, ती ट्रान्सम. बाहेरून ती ॲल्युमिनियमची दिसते. आत मात्र बहुतेक जुन्या बोटींत दीड इंचाच्या आसपास जाडीचा प्लायवूड असतो. मोटरच्या बोल्टांच्या भोकांतून आणि वरच्या पट्टीखालून पाणी आत शिरतं, बाहेर पडायला वाट नसते आणि प्लायवूड आतल्या आत कुजतो. बाहेरून मात्र काहीच दिसत नाही.

तपासायचं असं. मोटर वर उचलून तिच्या कुलपात अडकवा. प्रोपेलरजवळचा भाग दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलक्या जोराने रेटा. दुसऱ्याने ट्रान्समच्या वरच्या कडेकडे पाहत राहायचं. मोटर आणि ट्रान्सम एकसंध हलले, म्हणजे बोटीसकट ट्रेलरच डुलला, तर ठीक. ट्रान्सम स्वतंत्रपणे पुढे-मागे वाकला, किंवा मोटरच्या पकडीखाली पत्रा खोलगट दबलेला दिसला, तर आतलं लाकूड गेलं आहे. मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने आतल्या बाजूने दर दोन-तीन इंचांवर ठोकत जा, वरून खाली. चांगलं लाकूड ‘टक’ असा भरीव आवाज देतं, कुजलेलं ‘थप’ असा दबका. खालचे कोपरे आणि पाणी सोडायच्या बुचाभोवतीचा भाग चुकवू नका, कुजायला बहुधा तिथूनच सुरुवात होते. मालकाची परवानगी असेल तर आतल्या बाजूचा एखादा स्क्रू काढून पाहा. त्याच्या आट्यांना ओला, काळा भुसा चिकटून आला तर आणखी पुरावा नको.

कुजलेला ट्रान्सम म्हणजे बोट टाकाऊ नव्हे. नवं लाकूड कापून, इपॉक्सीचे दोन-तीन हात देऊन घरी बसवता येतं. सामानाचा खर्च फारसा नसतो, पण मोटर उतरवणं, जुन्या रिवेट काढणं यात दोन शनिवार-रविवार सहज जातात. तेवढी रक्कम आधी किमतीतून कमी करून घ्या.

दुरुस्ती आधी झालेली असेल तर एक प्रश्न न चुकता विचारा: प्लायवूड कोणता घातला? बांधकामाला वापरतात तो, किडीपासून रक्षणासाठी तांब्याची औषधं मुरवलेला प्लायवूड घातला असेल, तर बोट घेऊ नका. ओलं झाल्यावर त्यातलं तांबं ॲल्युमिनियमला खातं आणि पत्र्याला आतून भोकं पडतात. बोटीच्या आतल्या जमिनीच्या फळ्यांनाही हाच नियम. अशा बोटी आम्ही ‘नवा ट्रान्सम’ म्हणून चढ्या भावाने विकल्या जाताना पाहतो, म्हणून इतकं कळकळीने सांगतो.

फोममधलं पाणी

बोट पाण्याने भरली तरी तरंगत राहावी म्हणून सीटखाली आणि जमिनीखाली फोम भरतात. जुना फोम वर्षानुवर्षं पाणी शोषतो. बुच काढलं तरी ते पाणी निघत नाही. एक घनफूट जागा पाण्याने पूर्ण भरली तर त्याचं वजन २८ किलो होतं. बोट जड होते, वेग घेत नाही आणि वेळ आली की तरंगवणारा फोमच तिला खाली ओढतो.

हे ओळखायला वजनकाट्यासारखं साधन नाही. ट्रेलरसकट बोट वजन करून घ्या. त्यातून ट्रेलरचं वजन (त्याच्या पट्टीवर किंवा कागदांवर असतं), मोटर, सुमारे २५ किलोची बॅटरी आणि सहा गॅलनची टाकी भरलेली असेल तर १७ किलो पेट्रोल वजा करा. उरलेला आकडा त्या मॉडेलच्या माहितीपत्रकातल्या कोरड्या वजनाशी ताडा. वीस-तीस किलोंचा फरक सामानाचा असू शकतो. शंभराच्या वर गेला तर फोम भिजलेला आहे, आणि तो काढायचा म्हणजे सगळी जमीन उचकटावी लागते.

आत पाणी भरा, बाहेर बघा

रिवेटची बोट विकत घेण्याआधी ही परीक्षा हक्काने मागा. तळ बाहेरून फडक्याने कोरडा करा. बुच लावा आणि बोट सपाट जागी ट्रेलरवर असतानाच बागेच्या नळीने आत दोन-तीन इंच पाणी सोडा. यापेक्षा जास्त नको. एवढ्या पाण्याचंच वजन दोन-तीनशे किलो होऊ शकतं, ट्रेलरची क्षमता आधी वाचा. वीस मिनिटं थांबून खाली वाकून पाहा. जिथे थेंब लटकतो तिथे मेणाच्या पेन्सिलीने खूण करा.

दोन-चार रिवेट पाझरणं नेहमीचं आहे. पण एकाच बरगडीच्या ओळीतल्या लागोपाठ रिवेट पाझरत असतील तर तो सांगाडाच सैल झाला आहे. सैल रिवेटची खरी दुरुस्ती दोघांनी करायची असते. एक जण बाहेरून हवेच्या हातोड्याने डोक्यावर ठोकतो, दुसरा आतून जड लोखंडी ठोकळा शेपटीला दाबून धरतो. बाजारातल्या साध्या पॉप रिवेटच्या मधोमध भोक असतं आणि ती त्यातूनच गळते. घालायचीच तर बंद टोकाची घाला. तळाला आतून सिलिकॉन फासलेलं दिसलं तर दूर राहा. ते सुटतं, आणि त्या जागी पुढे दुसरं काहीच नीट चिकटत नाही.

परके धातू

जमिनीची झाकणं उघडून तळात हात घाला. काय सापडतं ते पाहा: गळ, शिशाची वजनं, नाणी, तांब्याच्या तारेचे तुकडे. ओल्या तळाशी ॲल्युमिनियमला टेकून पडलेल्या १९८२ च्या आधीच्या एका सेंटच्या नाण्यात ९५ टक्के तांबं असतं. एका हंगामात ते आपल्या आकाराचा पांढरा, भुसभुशीत डाग उमटवतं. त्या डागाखाली खड्डा असतो. शिसंही तेच करतं, जरा सावकाश. रंगाचे फुगे टोकरून पाहा. आत पांढरी भुकटी असेल तर खोली मोजा, पत्र्याच्या जाडीच्या पाव भागाहून खोल खड्डा असेल तर त्या जागी ठिगळ लागेल.

विजेच्या तारांकडेही पाहा. प्रत्येक दिव्याची, पंपाची ऋण तार थेट बॅटरीकडे गेलेली हवी. कोणी बोटीच्या पत्र्यालाच ‘अर्थ’ म्हणून जोडली असेल तर ती तातडीने काढावी लागेल.

तळ सरळ आहे का

चार-पाच फुटांची सरळ पट्टी ट्रान्समपासून पुढे, तळाला लावा. मधे पोकळी राहिली तर तळाला बाक आला आहे. ट्रेलरच्या आधाराच्या फळ्या ट्रान्समपर्यंत पोचत नसल्या की मोटरच्या भाराने असं होतं. अशी बोट वेगात नाळ पाण्यात खुपसते. उलट, मधे फुगवटा असेल तर ती डॉल्फिनसारखी उसळत राहते.

मोटर आणि ट्रेलर

मोटर थंड असताना जा. आधीच तापवून ठेवलेली मोटर अडचण लपवते. सुरू झाल्यावर मागून पाण्याची धार जोरात यायला हवी. कॉम्प्रेशनचे, म्हणजे सिलिंडरमधल्या दाबाचे, आकडे सगळ्या सिलिंडरांत दहा टक्क्यांच्या आत जुळायला हवेत. खालच्या गिअरचं तेल थोडं काढून पाहा, दुधाळ असेल तर सील गेलं. ट्रेलरच्या टायरवर चार आकडे असतात. २३१५ म्हणजे २०१५ चा तेविसावा आठवडा. टायर सहा-सात वर्षांहून जुने असतील तर नक्षी कितीही चांगली दिसली तरी बदलायचे आहेत असं धरूनच हिशेब करा.

अमेरिकेत केंद्र सरकारच्या अखत्यारीतल्या पाण्यात १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांखालच्या बोटी चालवताना मोटर बंद करणारी दोरी अंगाला लावणं बंधनकारक आहे. ती जागेवर आहे आणि ओढल्यावर मोटर खरंच थांबते, हे पाहून घ्या. कॅनडात १० हॉर्सपॉवर किंवा जास्त मोटर असेल तर बोटीचा परवाना लागतो, चालवणाऱ्याला वेगळं कार्ड काढावं लागतं.

शेवटी बोट पाण्यात घाला. नेहमी असतील तेवढी माणसं बसवा, अर्धा तास चालवा, त्यातली दहा मिनिटं पूर्ण वेगाने. बाहेर काढून चढणीवर बुच उघडा आणि खाली बादली धरा. मगभर पाणी निघालं तर सौदा करा. पाव बादली भरली तर मेणाच्या खुणा पुन्हा मोजा आणि दुरुस्तीचा खर्च वजा करून किंमत सांगा. धार थांबतच नसेल तर दुसरी बोट पाहा.