सेजच्या अर्काचे प्रयोग: सोलापूरच्या उन्हाळ्यात या चुका टाळा

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला सेज ही सुगंधी औषधी वनस्पती घेतलेली मुलं एप्रिल उजाडला की येतात, "सर, रीडिंगच जुळेना." मी आधी तापमापी आणायला सांगतो.

पण त्याच्याही आधी पाला तपासा. सेज म्हणजे साल्व्हिया ऑफिसिनॅलिस, भूमध्य सागराकाठचं झुडूप. चियासुद्धा साल्व्हियाच, पण जात वेगळी. वनस्पतिशास्त्राच्या सरांकडून ओळख पटवून घ्या. आणि पानं माळवदावर पसरू नका! सांडग्यांना जे ऊन मानवतं त्यात सेजमधले थुजोन, सिनिओल, कापूर हे सुगंधी घटक उडून जातात. सावलीत, पातळ थरात वाळवा.

अर्क पाण्यात काढला की अल्कोहोलमध्ये, हे वहीत लिहायला बरेच जण विसरतात. सेजमधलं रोझमॅरिनिक आम्ल पाण्यात उतरतं, कार्नोसिक आम्ल उतरत नाही. त्याला अल्कोहोल लागतं. शिवाय ते द्रावणात टिकत नाही, हळूहळू कार्नोसॉल होतं. महिनाभर टेबलावर राहिलेली बाटली वापरून मग अर्काला नावं ठेवण्यात अर्थ नाही. गडद बाटली, फ्रीज, आणि वर तारीख.

अर्काची अँटिऑक्सिडंट ताकद डीपीपीएच या रसायनाने तपासतात. अर्क घातला की डीपीपीएचचा जांभळा रंग फिकट होत पिवळा पडतो, तो आपण ५१७ नॅनोमीटरला मोजतो. मे महिन्यात उघड्या नळीतलं मिथेनॉल बघता बघता उडतं, द्रावण घट्ट होतं आणि कंट्रोलचं, म्हणजे अर्क न घातलेल्या नळीचं, रीडिंग चढतं. नळ्या झाका, ३० मिनिटं अंधारात ठेवा. अर्काला स्वतःचाही रंग असतो, म्हणून डीपीपीएच न घातलेला ब्लँक प्रत्येक सांद्रतेला हवाच. सगळ्याच नळ्यांत रंग ९५ टक्के उतरला तर पेढे वाटू नका. अर्क फार घट्ट झालाय, पातळ करून पुन्हा लावा.

जिवाणूंच्या प्लेटवर अर्काभोवती वाढ थांबल्याचं वलय आलं नाही, की "अर्क निकामी" असा शेरा पडतो. कार्नोसिक आम्लासारखे तेलकट घटक प्लेटमधल्या जेलीसारख्या आगारमध्ये नीट पसरतच नाहीत. ब्रॉथमध्ये, म्हणजे द्रव माध्यमात, एमआयसी (जिवाणूंची वाढ थांबवणारी सर्वांत कमी सांद्रता) काढून बघा. ई. कोलायला बाहेरचं जादा आवरण असल्याने तो स्टॅफिलोकोकसपेक्षा सहसा चिवट निघतो. अर्क विरघळवायला डीएमएसओ हा द्रावक वापरला असेल, तर नुसत्या डीएमएसओची विहीर (आगारमधला खड्डा) शेजारी ठेवा, नाहीतर वलय कुणाचं ते कळणार नाही.

आता तापमापी. साधा इनक्युबेटर फक्त तापवतो, गार करत नाही. खोली ४२ अंशांवर गेली, तर काटा ३७ वर लावून काय उपयोग? आमच्या अशाच एका खेपेत कंट्रोल प्लेटवरची वाढसुद्धा विरळ आली होती. आम्ही दोन दिवस अर्कालाच श्रेय देत बसलो. इनक्युबेटर एसीच्या खोलीत हलवा, आत वेगळी तापमापी ठेवा आणि दुपारी तीनला बघा. सकाळी दहाला सगळं ठीकच दिसतं.