समुद्र आहे, मग द्राक्षं का नाहीत?

"पोर्तुगालला समुद्र, तुम्हालाही समुद्र. पोर्तुगीज इथे साडेचारशे वर्षं राहिले. मग गोव्याची वाइन कुठाय?"

कळंगुटच्या एका रेस्टॉरंटमध्ये वाइनचं काम नुकतंच हातात घेतलं होतं, तेव्हा पुण्याच्या एका काकांनी मला हे विचारलं. उत्तर शोधता शोधता माझा अभ्यास सुरू झाला. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांना मी हाच प्रश्न आधी सोडवायला सांगते. किनाऱ्यावरच्या वाइनचं जवळजवळ सगळं त्यात येतं.

नुसता समुद्र असून भागत नाही. पाऊस कधी पडतो आणि रात्री किती गार असतात, ते बघायचं. पोर्तुगालच्या किनाऱ्यावर बहुतेक पाऊस हिवाळ्यात पडतो. तेव्हा वेल झोपलेला असतो, आणि द्राक्षं पिकतात ती कोरड्या उन्हाळ्यात. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. जानेवारीतल्या रात्रीही पारा विशीच्या घरात, म्हणजे वेलाला झोप नाहीच. वर दमट हवा, आणि केवडा, भुरी हे बुरशीचे रोग. नाशिकचा पावसाळाही आपल्याच महिन्यांतला, पण ते सुमारे सहाशे मीटर उंचीवर आहे. तिथले बागाईतदार एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी करून वेलाचं वेळापत्रकच फिरवतात. थंडीत द्राक्षं पिकतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी काढणी होते.

गार रात्रींचं एवढं काय, ते समजायला तोरं, म्हणजे कोवळी कैरी बघा. तिच्यात आंबटपणा असतो, आंबा पिकताना तो कमी होतो आणि साखर वाढते. द्राक्षाचंही तसंच. उष्णता जास्त तेवढं आम्ल लवकर जळतं. म्हणून पोर्तुगालच्या वायव्येकडची विन्यू व्हेर्दी ही वाइन तोंडाला पाणी आणते: अटलांटिकचं थंड पाणी, ढगाळ हवा, भरपूर पाऊस, म्हणून द्राक्षात साखर कमी आणि वाइनमध्ये अल्कोहोल कमी. ओलीपासून घड वाचवायला तिथे वेल पूर्वापार मांडवावर, झाडांवर चढवत आले आहेत, आपल्याकडे पडवळ चढवतात तसे. एकदा बांगड्याच्या तळणासोबत मी बाबांना ती दिली. घोट घेऊन ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "तोरं चावल्यासारखं लागतं." त्यांनी पुस्तक उघडलेलं नाही, पण चव नेमकी ओळखली.

जमीन मलाही बाबांमुळेच कळली. पेडण्यात आमचे काजू सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर आहेत. जांभ्यात पाणी थांबत नाही, डिसेंबरात गवत वाळून जातं, तरी काजू तग धरतो. बाबांचं ठाम मत आहे की ओढ्याकाठच्या बोंडांपेक्षा सड्यावरच्या बोंडांचा रस दाट. वाइनमध्येही मातीचं मुख्य काम पाण्याचं: किती धरते, किती सोडते, मूळ किती खोल जायला लावते. ग्रॅनाइटची चव ग्लासात उतरते, असं पाहुण्यांना छातीठोकपणे सांगू नका. दगडाचा स्वाद मुळांवाटे द्राक्षात येतो याला पुरावा नाही. "खारट झाक जाणवते" म्हणा, ते खरं आहे आणि पुरेसंही आहे.

माती समजायला माझ्या मते कोलारिशसारखी दुसरी जागा नाही. लिस्बनच्या पश्चिमेला, समुद्राला लागून वाळूचा पट्टा. वाळूखाली चिकणमाती. जुनी माणसं वाळूत खोल चर खणून वेलाची मुळं त्या चिकणमातीत लावायची. चर ढासळला तर श्वास कोंडू नये म्हणून खणणारा डोक्यावर टोपली घालायचा! एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा नावाच्या किडीने युरोपातल्या बागा उद्ध्वस्त केल्या, पण वाळूत ती कीड टिकत नाही. म्हणून इथला रामिश्कू जातीच्या द्राक्षाचा वेल अजूनही कलम न करता, स्वतःच्या मुळांवर उभा आहे. उभा म्हणण्यापेक्षा आडवा, कारण खाऱ्या वाऱ्यापासून वाचायला वेल जमिनीवर पसरलेले असतात, भोवती वेताची कुंपणं, आणि द्राक्षं पिकू लागली की घडांखाली छोटे टेकू. गार वारा आणि धुकं यामुळे वाइन आंबट, तुरट, वर्षानुवर्षं मुरवावी लागणारी. १९०८ मध्ये या भागाची सीमा आखून दिली गेली.

परीक्षेचं थोडक्यात. वाइनचं शिक्षण देणाऱ्या लंडनच्या डब्ल्यूएसईटी या संस्थेची लेव्हल ३ करणार असाल, तर बहुपर्यायी प्रश्नांबरोबर लेखी उत्तरं आणि नाव न सांगता दिलेल्या दोन वाइन चाखून त्यांचं वर्णन करणं असतं. लेखी उत्तरात नुसतं "थंड हवामान" लिहून गुण मिळत नाहीत. थंड म्हणून आम्ल टिकलं, साखर कमी, म्हणून अल्कोहोल कमी, अशी साखळी पूर्ण करा. पाठांतराने मला हे जमलं नाही, शेजारीशेजारी चाखून जमलं. नाशिकची सोव्हिन्यों ब्लां आणि एक विन्यू व्हेर्दी, दोन्ही सारख्याच गार करा. घोट गिळून मान थोडी खाली करा आणि तोंडाला किती वेळ पाणी सुटतंय ते मनात मोजा. तो आकडा वहीत लिहा, वासाचं नंतर.