जुनं गेम-गाइड घेताना शेवटची पानं आधी बघा

सुपर निन्टेन्डो या जुन्या व्हिडिओ गेम यंत्राच्या काळातलं गाइड, म्हणजे गेम कसा खेळायचा ते सांगणारं पुस्तक, घेताना नुसत्या मुखपृष्ठाच्या फोटोवर भाळू नका, शेवटच्या पानांचाही फोटो मागवा. ‘अर्थबाउंड’ हा त्यावरचा गेम १९९५ मध्ये अमेरिकेत आला तेव्हा मोठ्या खोक्यात गाइड सोबतच मिळायचं, आणि त्यात मागे खरवडून वास घ्यायची कार्डं होती! मुलांनी ती खरवडली, काढून घेतली. म्हणून कार्डांसकट प्रत मिळाली तर थोडे जास्त पैसे जरूर मोजा. घरी आणल्यावर पुस्तक सपाट उलगडू नका, पाठीवरचा जुना गोंद तडकतो. पान सुटलंच तर तसंच आत ठेवा. सेलोटेप अजिबात नको, ती पिवळी पडते आणि तिचा चिकट डाग कागदात कायमचा मुरतो.