दुकान नको, कपाट शोधा: परदेशात इंग्रजी पुस्तकं शोधताना या चुका टाळा

सोलमधल्या एका मोठ्या पुस्तकांच्या दुकानात ‘इंग्लिश’ अशी पाटी दिसली आणि मी जवळजवळ धावतच तिकडे गेलो. घरून आणलेली दोन पुस्तकं वाचून संपली होती आणि पुढे बुसानपर्यंत अडीच तासांची ट्रेन होती. एका गाजलेल्या गुप्तहेर कादंबरीची प्रत उचलली, पैसे दिले, गाडीत बसलो. ऐंशीव्या पानावर खुनी सापडला. मागे शब्दार्थ होते, आणि त्याखाली चक्क ‘गाळलेल्या जागा भरा’. कादंबरी समजून मी गाईड विकत घेतलं होतं.

दोष दुकानाचा नव्हता. ज्या देशात इंग्रजी हा शाळेत शिकायचा विषय असतो, तिथे ‘इंग्लिश’ ही पाटी विषयाची असते, पुस्तकाच्या भाषेची नसते. त्या कपाटात व्याकरण, परीक्षांच्या तयारीचे ठोकळे आणि सोप्या करून लिहिलेल्या गोष्टी मिळणार. आपल्याला हवा असतो परदेशी पुस्तकांचा विभाग, आणि त्याचं नाव प्रत्येक भाषेत वेगळं आहे. जपानीत ‘एइगो’ म्हणजे इंग्रजी भाषा, पण ‘योशो’ म्हणजे परदेशी पुस्तकं. दुकानात शिरल्यावर ‘योशो?’ एवढं विचारलं तरी माणूस बोटाने मजला दाखवतो. चिनी दुकानांत ‘वायवेन’ म्हणजे परदेशी भाषा. फ्रान्समध्ये ‘व्हर्स्यों ओरिजिनाल’, पाटीवर नुसतं ‘व्हीओ’. इटलीत ‘लिब्री इन लिंग्वा’. हे चार शब्द फोनमध्ये टिपून ठेवले तर निम्मी पायपीट वाचते.

आणि घेण्यापूर्वी आतलं शीर्षकाचं पान उघडा. तिथे ‘रिटोल्ड बाय’, ‘अब्रिज्ड’ किंवा ‘लेव्हल’ असं काही छापलं असेल तर पुस्तक परत ठेवा. जर्मनीत मात्र उलटं होतं. तिथे रेक्लाम प्रकाशनाची खिशात मावणारी लाल पुस्तकं दिसतात. ती विद्यार्थ्यांसाठीची वाटतात, म्हणून आपण पुढे जातो. पण त्यात मजकूर मूळ इंग्रजीच असतो, फक्त पानाच्या तळाशी अवघड शब्दांचे जर्मन अर्थ दिलेले असतात. ती स्वस्त आणि हलकी असतात, ट्रेनमध्ये उभ्याने वाचता येतात. त्यांच्याच नारिंगी पुस्तकांत दोन्ही भाषा समोरासमोर असतात. पिवळी घेऊ नका, ती जर्मन.

नकाशात चुकीचा शब्द टाकणं

‘इंग्लिश बुकशॉप’ असं टाइप केलं की नकाशा बहुधा ज्यांच्या नावातच ते शब्द आहेत, अशी दुकानं पुढे करतो. इंग्रजीचा मोठा मजला असलेलं स्थानिक दुकान त्यात येतच नाही. तिथल्या भाषेतला शब्द टाका. फ्रेंच ‘लिब्रेरी’ ही लायब्ररी नव्हे, ते दुकान. लायब्ररी म्हणजे ‘बिब्लिओतेक’. स्पॅनिश आणि इटालियन ‘लिब्रेरिया’चंही तेच, आणि इटालियनमध्ये तर त्याच शब्दाचा अर्थ पुस्तकांचं कपाट असाही होतो, त्यामुळे शोधात फर्निचरवालेही हजेरी लावतात. तुर्कीत ‘किताबेवी’ म्हणजे पुस्तकांचं दुकान, हे आपल्याला पाठ करावं लागत नाही. स्वाहिलीत ‘दुका ला व्हिताबू’. दुकान आणि किताब, दोन्ही ओळखीचे! मोम्बासाच्या रस्त्यावर ही पाटी वाचून कुठल्याही मराठी माणसाला हसू येईल.

मात्र नैरोबी किंवा सिंगापूरला ‘इंग्रजी पुस्तकांचं दुकान’ विचारू नका. तिथे कुठलंही साधं दुकानच इंग्रजी पुस्तकांचं असतं. पुण्यात अप्पा बळवंत चौकात उभं राहून ‘मराठी पुस्तकं कुठे मिळतील?’ विचारण्यासारखं आहे ते.

फोटोतल्या दुकानाच्या मागे लागणं

हा विषय जरा सविस्तर सांगायला हवा, कारण सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो.

पॅरिसचं शेक्सपिअर अँड कंपनी घ्या. नोत्र दामच्या समोर नदीपलीकडे रांग दिसली की समजा पोहोचलात. लोक तिथे १९१९ सालचं दुकान बघायला म्हणून येतात. पण ते सिल्व्हिया बीचचं दुकान वेगळं. ते १९२१पासून रू द लोदेऑंवर होतं आणि जर्मन ताब्याच्या काळात, १९४१ साली बंद पडलं. आजचं दुकान जॉर्ज व्हिटमनने १९५१ साली ‘ल मिस्त्राल’ या नावाने उघडलं आणि १९६४ साली त्याला जुन्या दुकानाचं नाव दिलं. तेही सुंदरच आहे, जायलाच हवं. पण शनिवारी दुपारी जाऊन, अर्धा तास रांगेत उभं राहून, आत खांद्याला खांदा लावून सरकत ‘पुस्तकं बघता आली नाहीत’ म्हणणं म्हणजे गणपतीत लालबागला जाऊन निवांत दर्शनाची अपेक्षा करणं. सकाळी उघडताच जा. आत फोटो काढू देत नाहीत, हा नियम मला तरी मनापासून आवडला.

खरी चूक मात्र त्या एका दुकानावर पॅरिस संपवण्याची. तिथून पाच मिनिटांवर, चर्मपत्र बनवणाऱ्यांच्या जुन्या गल्लीत, ॲबी बुकशॉप आहे. दारावर कॅनडाचा झेंडा, आत छतापर्यंत रचलेले ढीग आणि त्यांच्यामधून एकाच माणसापुरती वाट. पाठीवरची सॅक काढूनच आत शिरा, नाहीतर वळताना मागचा ढीग तुमच्यावर. नदीच्या पलीकडे रू द रिव्होलीवर गालिन्यानी आणि त्याच रांगेत थोडं पुढे स्मिथ अँड सन. गालिन्यानी स्वतःला युरोपच्या मुख्य भूमीवरचं पहिलं इंग्रजी पुस्तकांचं दुकान म्हणवतं आणि १८५६पासून त्याच रस्त्यावर आहे. तिथे कुणी रांग लावत नाही.

नावावरून आणखी एक घोळ होतो. व्हिएन्नाच्या श्टेर्नगासे गल्लीतही शेक्सपिअर अँड कंपनी आहे, १९८२चं, पॅरिसशी काही संबंध नसलेलं. प्रागमध्ये ‘शेक्सपिअर आणि मुलगे’! दोन्हीकडे इंग्रजी पुस्तकं चांगली आहेत, पण ‘शाखा’ समजून जाऊ नका.

आता जिथे इंग्रजीसाठी जायचंच नाही अशी दुकानं. व्हेनिसचं आक्वा आल्ता, म्हणजे ते गोंडोलात आणि बाथटबात पुस्तकं ठेवणारं, मुख्यतः इटालियन. ब्युनोस आयर्सचं एल आतेनेओ ग्रँड स्प्लेंडिड १९१९च्या नाट्यगृहात थाटलंय, रंगमंचावर कॅफे आहे, पण पुस्तकं जवळजवळ सगळी स्पॅनिश. पोर्तोचं १९०६चं लेलो तिकीट लावतं. तिकिटाची रक्कम पुस्तकाच्या किमतीतून वजा होते, हे बऱ्याच जणांना बाहेर पडल्यावर कळतं. तिथला प्रसिद्ध जिना बघायला जात असाल तर जरूर जा, फक्त रात्रीसाठी काहीतरी वाचायला हवंय म्हणून जाऊ नका.

चुकीच्या भागात फिरणं

पर्यटकांच्या बाजारात फ्रिज मॅग्नेट मिळतात. इंग्रजी पुस्तकं मिळतात विद्यापीठाजवळ, नाहीतर वकिलातींच्या आसपास, कारण रोज विकत घेणारं गिऱ्हाईक तिथे राहतं. आपल्याकडे डेक्कनला दुकानं का झाली, कॉलेज स्ट्रीटला का झाली, तेच कारण. कैरोत ‘दिवान’ २००२ साली वकिलातींच्या झमालेक भागात सुरू झालं, आणि ताहरीर चौकात अमेरिकन विद्यापीठाचं स्वतःचं दुकान आहे. टोकियोचं जिंबोचो आसपासच्या विद्यापीठांच्या जिवावर वाढलं. जुन्या-नव्या पुस्तकांची शंभराहून जास्त दुकानं, आणि त्यात १९०२पासूनचं कितझावा खास इंग्रजी जुन्या पुस्तकांचं.

टोकियोत दोन गोष्टी हमखास चुकतात. शिंजुकूमध्ये किनोकुनिया हे पुस्तकांचं दुकान दोन ठिकाणी आहे. पूर्वेकडच्या बाजूचं मुख्य दुकान मोठं आणि प्रसिद्ध, म्हणून सगळे तिकडे जातात. परदेशी पुस्तकांचा खरा साठा दक्षिणेकडे, ताकाशिमाया टाइम्स स्क्वेअरला लागून असलेल्या इमारतीत सहाव्या मजल्यावर आहे. खालचे मजले २०१६पासून फर्निचरवाल्याचे, तेव्हा सोफे दिसले म्हणून मागे फिरू नका. दुसरी गोष्ट म्हणजे मजल्यांची मोजणी. जपानमध्ये तळमजला नसतो, रस्त्यालगतचा तोच पहिला. त्यामुळे त्यांचा सहावा म्हणजे आपला पाचवा. टोकियो स्टेशनसमोरच्या मारुझेनमध्ये चौथा मजला सांगितला म्हणून मी आपल्या हिशेबाने चार जिने चढलो आणि भलत्याच मजल्यावर पोहोचलो.

मान चुकीच्या बाजूला झुकवणं

जुन्या पुस्तकांच्या दुकानात सगळ्या भाषा एकत्र कोंबलेल्या असतात. पॅरिसला सीनच्या काठावरच्या हिरव्या पेट्या, माद्रिदचा मोयानो उतार, सगळीकडे हेच. एकेक पुस्तक वाचत बसलात तर संध्याकाळ होईल. इंग्रजी पुस्तकाच्या कण्यावरचं नाव वरून खाली छापलेलं असतं, ते वाचायला मान उजवीकडे झुकते. फ्रेंच, स्पॅनिश, जर्मन पुस्तकांचं नाव बहुधा खालून वर, मान डावीकडे. रांगेवरून नुसती नजर फिरवा आणि ज्यांची अक्षरं बाकीच्यांच्या उलटी पडली आहेत तेवढीच ओढून बघा. पन्नास पुस्तकांतून चार वेगळी काढायला अर्धं मिनिट लागतं. नियम शंभर टक्के नाही, काही नवे प्रकाशक इंग्रजीसारखं छापतात. पण मानेचं दुखणं निम्मं होतं.

वार आणि वेळ न बघणं

बर्लिनमध्ये रविवार रिकामा ठेवून पुस्तकं बघू, असं ठरवलं तर उपास घडेल. जर्मनीत रविवारी दुकानं कायद्यानेच बंद असतात. मोठ्या रेल्वे स्टेशनांतल्या दुकानांना सूट आहे, तिथल्या पुस्तकवाल्याकडे इंग्रजीचं एखादं कपाट सापडतं. एरवी फ्रीड्रिखश्ट्रासेवरचं ड्युसमान आठवड्यात रात्री उशिरापर्यंत चालू असतं आणि त्यात इंग्रजीचा वेगळा, चांगला मोठा विभाग आहे. जिंबोचोतली बरीच जुनी दुकानंही रविवारी बंद. इटलीत छोटी दुकानं दुपारी मिटतात, सोमवारी सकाळी अनेकदा उघडत नाहीत, आणि १५ ऑगस्टच्या आसपास तर मालकच समुद्रावर असतो. अॅम्स्टरडॅमला जमलं तर शुक्रवारी जा. स्पाउ चौकात त्या दिवशी जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो आणि अमेरिकन बुक सेंटर त्याच चौकात, वॉटरस्टोन्स अगदी कोपऱ्यावर.

जुन्या याद्यांवर तर अजिबात विसंबू नका. रोममध्ये मी एका पत्त्यावर वीस मिनिटं चालत गेलो, तिथे मोबाईलची कव्हरं विकायला होती. पॅरिसचं व्हिलेज व्हॉइस २०१२ साली गेलं. काठमांडूचं पिलग्रिम्स २०१३च्या आगीत गेलं. मुंबईकरांना हे समजावून सांगायला नको, २०१८ साली स्ट्रँड बुक स्टॉल बंद झालं तरी त्यानंतर कितीतरी दिवस लोक फोर्टमध्ये त्याच गल्लीत वळत होते. निघण्याआधी दुकानाला फोन लावा किंवा त्यांच्या पानावर या महिन्यातली काही हालचाल आहे का बघा.

फोटोकॉपीला पुस्तक समजणं

हनोई, सायगॉन, कंबोडियाच्या फुटपाथवर छातीपर्यंत रचलेला पुस्तकांचा गठ्ठा घेऊन मुलं फिरतात. बहुतेक प्रती फोटोकॉपी असतात, वर प्लॅस्टिक चिकटवलेलं. सिग्नलवरची पायरेटेड पुस्तकं बघितलेल्या आपल्या डोळ्यांना मुखपृष्ठ लगेच कळतं, पण प्लॅस्टिकमुळे आत बघता येत नाही. फाडून दाखवायला सांगा. अक्षरं करडी, शिवणीकडच्या ओळी पोटात गेलेल्या, आणि प्रवासाचं पुस्तक असेल तर नकाशे काळे ढब्ब. तोच नकाशा हातात धरून रात्री हॉटेल शोधायचं असतं.

काठमांडूच्या थामेलमध्ये जुनी पुस्तकं खरी मिळतात, आणि वाचून परत दिलं तर बरेच दुकानदार अर्धी किंमत परत देतात. इथली चूक म्हणजे आधी न विचारणं. ‘दाई (म्हणजे दादा), परत घेणार का, कितीला?’ हे पैसे देण्यापूर्वी विचारा, आतल्या पानावर पेन्सिलने किंमत लिहून घ्या आणि दुकानाचा शिक्का मारून घ्या. ट्रेकहून परतल्यावर शेजारचा दुकानदार ते पुस्तक घेत नाही.

घरी स्वस्त मिळणारं तिकडून आणणं

विमानतळावर दिसणाऱ्या गाजलेल्या कादंबऱ्यांची भारतीय आवृत्ती आपल्याकडे बहुधा बरीच स्वस्त असते. फक्त भारतीय उपखंडात विक्रीसाठी, असं आत छापलेलंही असतं. युरोमध्ये तेच घेऊन येणं म्हणजे कोकणात आंबे घेऊन जाणं. त्या देशातल्या लेखकांचे तिथेच छापलेले इंग्रजी अनुवाद घ्या. प्रागमध्ये ट्विस्टेड स्पून हे प्रकाशन, कैरोत अमेरिकन विद्यापीठाचं प्रकाशन, ही पुस्तकं इकडे सहज हाताला लागत नाहीत.

वजनाचा हिशेब मात्र दुकानातच करा. साधं पेपरबॅक पाव किलोच्या थोडं वर, कलेचं जाड पुस्तक दीड-दोन किलोसुद्धा. दहा पेपरबॅक म्हणजे जवळपास तीन किलो, आणि केबिन बॅगेला बऱ्याच विमान कंपन्यांत मर्यादा सात किलोची. जड पुस्तकं मोठ्या बॅगेत मधोमध, कपड्यांच्या थरात ठेवा, कोपऱ्यात ठेवलीत तर कोपरेच मोडतात. एक पेपरबॅक हातात असू द्या. सोलमध्ये घेतलेलं ते ऐंशी पानी गाईड मी गेस्टहाउसच्या कपाटात ठेवून आलो, गाळलेल्या जागा पेन्सिलने भरून.