कोल्हापुरात नवीन घर लावताय? आधी भिंतीला हात लावून बघा

मी मूळची लातूरची. २०११ च्या जूनमध्ये मिस्टरांना गोकुळ शिरगावच्या एका फाउंड्रीत नोकरी लागली आणि आम्ही दोन बॅगा, एक शेगडी आणि पाच महिन्यांचं बाळ घेऊन मंगळवार पेठेत दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात येऊन पडलो. त्यानंतर इथंच तीन घरं बदलली. आता दरवर्षी लातूर, नांदेड, बीडकडचं कुणी ना कुणी नवीन येतं, कुणी एमआयडीसीत, कुणी विद्यापीठात, आणि आठ दिवसांत फोन येतो की वहिनी घर लई ओकंबोकं दिसतंय, पैसे तर सगळे डिपॉझिटमध्ये गेले, आता कमी पैशात काय करता येईल सांगा. प्रत्येकीला वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून काढते.

सगळ्यात पहिलं म्हणजे एक पावसाळा जाऊ द्या. तोवर घरावर मोठा खर्च करायचाच नाही. हे मी एवढं ठासून सांगते कारण आपल्याकडच्या माणसाला ओल म्हणजे काय ते कळतच नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये आमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, आई फोनवर घागरींचा हिशेब सांगायची, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये इथं माझ्या कपाटामागच्या भिंतीवरनं अक्षरशः पाणी पाझरत होतं. आपण कोरड्या गावातनं येतो, घर उन्हाळ्यात बघतो, भिंत पांढरीशुभ्र दिसते, आणि ऑगस्टमध्ये तिचे पोपडे हातात येतात.

पहिल्या वर्षी आम्ही हौसेनं एका दुकानातून भुश्श्याच्या बोर्डाचं छोटं कपाट घेतलं, ४२०० रुपये दिले, तेव्हा ते आम्हाला फार होते. पश्चिमेच्या भिंतीला चिकटवून ठेवलं. गणपतीपर्यंत त्याचं खालचं फळकूट पावासारखं फुगलं, दार लागेना, आणि मागं काळी बुरशी, बाळाची दुपटी सगळी वासानं भरली. दुकानदाराकडं गेले तर म्हणाला वॉरंटीत पाणी येत नाही. म्हणून सांगते, इथला पाऊस पश्चिमेकडनं झोडपतो, त्या बाजूच्या बाहेरच्या भिंतीला लाकूड, प्लाय, गाद्या काही टेकवायचं नाही, निदान चार बोटं जागा सोडायची म्हणजे हवा खेळते.

भिंत खरंच ओली आहे की नुसती पावसाळी दमट हवा आहे हे बघायला पैसे लागत नाहीत. फूटभर प्लास्टिकचा कागद घ्या, भिंत कोरड्या फडक्यानं पुसून चारी बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट लावा आणि एक दिवस ठेवा. कागदाच्या आतून, म्हणजे भिंतीकडच्या बाजूनं थेंब धरले तर पाणी भिंतीतनं येतंय, मग गच्ची, पाइप किंवा पाया यातलं काहीतरी आहे आणि ते मालकानंच बघायचं. बाहेरून थेंब आले तर खोलीतली हवा दमट आहे, तिथं खिडकी उघडी ठेवणं आणि कपडे आत न वाळवणं एवढ्यानंही फरक पडतो. अशा ओल्या भिंतीवर पुट्टी आणि महागडा चकचकीत रंग मारू नका, पाणी आत अडकतं आणि रंगाला ढकलून बाहेर काढतं, पैसे पोपड्यात जातात.

आणि खालच्या मजल्यावर घर घेत असाल तर करार करायच्या आधी शेजाऱ्यांना विचारा, २०१९ च्या आणि २०२१ च्या महापुरात पाणी कुठवर आलं होतं? शेजारी भिंतीवर हात ठेवून दाखवतात. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात, ३९ फुटांना इशारा आणि ४३ ला धोका, जुलै-ऑगस्टमध्ये रिक्षावाल्यापासून दूधवाल्यापर्यंत सगळे हेच आकडे बोलत असतात. अशा भागात राहायचं असेल तर लाकडी फर्निचरच्या नादाला न लागता उद्यमनगरात जा. तिथल्या फॅब्रिकेशनवाल्याकडं माप घेऊन गेलात तर लोखंडी अँगलचं तीन कप्प्यांचं स्टँड करून देतात, हिशेब किलोवर असतो, गंज धरू नये म्हणून रेडऑक्साइड मारून घ्या आणि वरनं तुम्हाला पाहिजे तो ऑइलपेंट घरी मारा. माझं पहिलं स्टँड अजून आहे, किचनमधनं बाल्कनीत गेलं एवढंच.

आता रंग. भाड्याच्या घरात सगळं घर रंगवायच्या भानगडीत पडायचंच नाही, दारातनं आत आल्यावर समोर दिसते ती एकच भिंत घ्या. मालकांना आधी विचारा, माझा अनुभव असा की नीट विचारलं तर इथली माणसं नाही म्हणत नाहीत, आमच्या मालकीणकाकी तर "मार की बिनधास्त, मी तुला जुना ब्रश देतो" म्हणाल्या. (हो, इथं बायकासुद्धा मी येतो, मी जातो, मी करतो असंच बोलतात, पहिले काही दिवस आपण चमकतो, मग सवय होते आणि फार गोड वाटायला लागतं.) दहा बाय दहाच्या भिंतीला साध्या इमल्शनचे दोन हात द्यायला दोन लिटर पुरतात. आधी सुटलेला रंग पट्टीनं खरवडा, पॉलिश पेपर मारा, ओल्या फडक्यानं धूळ पुसा, वाळू द्या, मग रंग. पुसायचा कंटाळा केला तर रंग धुळीवर बसतो आणि उन्हाळ्यात सुटतो.

जुन्या पेठेतलं घर असेल, मातीच्या नाहीतर दगडी जाड भिंती असतील, तर तिथं चुनाच बरा. चुना स्वस्त, भिंतीला श्वास घेऊ देतो, आतली ओल बाहेर पडू देतो आणि बुरशीला लवकर थारा देत नाही. पिशवीतला चुना रात्रभर पाण्यात भिजवायचा, सकाळी फडक्यातनं गाळायचा, थोडा डिंक भिजवून घालायचा म्हणजे अंगाला पांढरं लागत नाही, आणि चिमूटभर नीळ घातली की भिंत डोळ्यांना थंड दिसते. पहिला हात लावताना वाटतं काहीच चढलं नाही, ओलं असताना तो दिसतच नाही, वाळला की पांढरा होतो, त्यामुळं घाईनं जाड थापू नका, पातळ तीन हात कुंच्यानं द्या. हाताला मोजे आणि डोळ्यांना जपा, चुना भाजतो, लहान मुलांना त्या दिवशी शेजारी पाठवा. आणि हे सगळं मार्च ते मे मध्ये करायचं, तेव्हा भिंत पोटातनं वाळलेली असते. दिवाळीच्या तोंडावर रंगारी मिळत नाहीत आणि मिळाले तर भाव चढलेले असतात.

अशा जुन्या घरात कोनाडे असतात ते बुजवू नका हो! माझ्या ओळखीच्या एका नवीन जोडप्यानं कोनाड्याला प्लाय ठोकून वर टीव्ही लावला, मला फार वाईट वाटलं. आतनं गेरू लावा नाहीतर पिवळट रंग द्या आणि एकच वस्तू ठेवा. माझ्या कोनाड्यात मातीची बैलजोडी आहे. आपल्याकडं पोळा श्रावणाच्या अमावास्येला, इथं बेंदूर त्याच्या आधीच येतो, आणि त्या आठवड्यात रस्त्याच्या कडेला मातीचे बैल विकायला बसतात. पूजा झाली की बरेच जण विसर्जन करतात, मी २०१४ पासूनची एक जोडी ठेवलीय, एकाचं शिंग तुटलंय, पण संध्याकाळी त्यांच्यावर उजेड पडला की खोली भरल्यासारखी वाटते. कुंड्या, पणत्या, माठ कुंभार गल्लीतच घ्या, पण गणपतीच्या आधी जाऊ नका, तेव्हा पाय ठेवायला जागा नसते आणि कुणाला तुमच्या कुंडीसाठी वेळ नसतो. गणपती उठले की जा.

उजेडाकडं लोक सगळ्यात कमी लक्ष देतात आणि खरं तर कमी पैशात सगळ्यात जास्त फरक तिथंच पडतो. बहुतेक भाड्याच्या घरात ती निळसर पांढरी ट्यूब असते, खोक्यावर ६५०० के लिहिलेलं असतं. अभ्यासाला, किचनच्या ओट्याला ती ठीक आहे, पण बसायच्या खोलीत २७०० किंवा ३००० लिहिलेला पिवळसर बल्ब आणा, दुकानात वॉर्म व्हाइट म्हणून मागा. जुन्या फरशीचं, पितळेचं, मातीचं सगळं रूप त्या उजेडात बाहेर येतं आणि भिंतीवरचे डाग मागं पडतात.

त्या बल्बला शेड म्हणून मी काय केलं ते सांगते. शनिवार पेठेत बुरूड गल्ली आहे, तिथं बांबूची सुपं, टोपल्या, तट्टे विणतात. टोपलीला इथं बुट्टी म्हणतात. मी एक मध्यम बुट्टी उचलली आणि विणणाऱ्या मावशींना सांगितलं की हिला दिव्यावर उलटी टांगायचीय, तशा त्या म्हणाल्या, "मग ही नको बाई, ही भाकरीची हाय, घट्ट इणलीया, उजेड आतच ऱ्हाईल." आणि त्यांनी जराशी विरळ विणीची दुसरी काढून दिली, बुडाला मधोमध सुरीनं दोन पट्ट्या सारून होल्डर जाईल एवढं भोक करून दिलं, धार टोचू नये म्हणून कडेला पट्टी परत मुडपून आत घातली. एवढ्या कामाचे वेगळे पैसे मागितले नाहीत, मीच दिले. घरी आणून उन्हात दोन दिवस ठेवली, वॉर्निशचा एक हात आतनं बाहेरनं दिला, कारण बांबूला पावसाळ्यात बुरशी आणि एरवी पोखरणारा किडा दोन्ही लागतात, आणि वायरमनकडनं होल्डर बसवून घेतला. बल्ब सात वॉटचा एलईडीच लावायचा, जुना तापणारा बल्ब बांबूत अजिबात नको. दिवा लावला की छतावर सगळी वीण उमटते. माझी मुलगी लहानपणी त्या सावलीकडं बघतच झोपायची. सगळं मिळून तीनशेच्या आत बसलं होतं, तेव्हाचे भाव म्हणा, तरी तशी शेड ऑनलाइन बघितलीत तर किंमत वाचून फोन खाली ठेवाल.

कापडाला गांधीनगर. शहराला लागूनच होलसेल मार्केट आहे, पडदे, चादरी, उशांचे अभ्रे, पायपुसणी सगळं, दोघी-तिघी मिळून जा म्हणजे जास्त नगांचा भाव मिळतो. थोडा वेळ असेल तर एसटीनं इचलकरंजीला जा, यंत्रमागाचं गाव आहे, साधं सुती कापड मीटरवर घ्यायला तिथं बरं पडतं. पण खरं सांगू का, पडद्यांना मी पैसे घालतच नाही, कपाटातल्या सुती साड्या काढते. साडीचे मधोमध दोन तुकडे केले की सात फुटी दाराला दोन पडदे होतात, काठ आपोआप दोन्ही बाजूंना उभे येतात, वरनं दांडी जाईल एवढी पट्टी दुमडून शिवायची. जरीच्या, सिल्कच्या साड्या उन्हाच्या खिडकीला नकोत, वर्षात विरतात.

भिंतीवर लावायला चित्र हवं असेल तर छापील पोस्टर आणू नका, तुम्ही चित्रकारांच्या गावात आलाय. आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर यांचं हे गाव. दसरा चौकात शाहू स्मारक भवनात चित्रप्रदर्शनं भरत असतात, आत जायला कुणी अडवत नाही, आणि आर्टच्या कॉलेजातली पोरं पंचगंगा घाटावर नाहीतर रंकाळ्यावर बसून जलरंगात काढत असतात. बोला त्यांच्याशी. मी २०१७ ला एका मुलीकडनं घाटाचं छोटं चित्र ६०० रुपयांना घेतलं, फ्रेमला त्याच्याहून जास्त गेले, आणि माझ्या घरातली कुणालाही दाखवावीशी वाटणारी पहिली वस्तू तीच. फक्त ओल्या भिंतीवर लावू नका आणि मालकांना विचारल्याशिवाय ड्रिल नको. जुन्या घरात खुंट्या असतातच, त्यांना दोरीनं टांगा.

झाडांचं मी फार सांगत नाही, इथं काडी खोचली तरी फुटते. शेजारणीकडनं जास्वंदीची फांदी, मनी प्लांटचा वेल मागून घ्या, विकत आणायची गरज पडणार नाही.

आणि नवरात्राच्या आधीचा आठवडा मोकळा ठेवा. घटस्थापनेच्या आधी इथं घर म्हणजे छतापासून उंबऱ्यापर्यंत धुऊन काढतात, अंथरुणं-पांघरुणं टेम्पोत, गाडीवर घालून पंचगंगेवर नेतात, घाट नुसता रंगीबेरंगी कपड्यांनी भरलेला असतो. पहिल्या वर्षी मला कळेना की सगळी गल्ली कुठं चाललीय, काकींनी दारात येऊन विचारलं, "तुझं धुणं कुठाय?" आणि मला सोबत घेऊन गेल्या. पावसाळ्याचा सगळा कुबट वास त्या एका दिवसात जातो. त्याच दिवशी सामानाची जागा बदलायची, पलंग दुसऱ्या भिंतीला, कपाट खिडकीच्या बाजूला, एक रुपया न घालता खोली नवी होते, आणि भिंतीमागं काय काय ओलं झालंय तेही दिसतं.

घाटावर तुम्हाला वाकळा दिसतील, आपण गोधडी म्हणतो ती. वापरातल्या साड्यांचे थर घालून हातानं शिवतात, आणि दिवाणावर नुसती टाकली तरी बेडशीटची गरज उरत नाही. आपल्या गल्लीत कोण शिवून देतं ते विचारा, प्रत्येक गल्लीत एखाद्या आजी असतातच. मी काकींना आईच्या चार जुन्या साड्या दिल्या होत्या, हिवाळ्याच्या तोंडावर वाकळ हातात आली तर आईच्या हिरव्या साडीचा काठ त्यांनी बरोबर चारी कडांना फिरवला होता. साड्या उन्हाळ्यातच देऊन ठेवा, पावसाळ्यात घरात बसून त्या शिवतात. आणि सुतीच द्या, नायलॉनची एक जरी मध्ये निघाली तर सुई सरत नाही म्हणून गठ्ठा परत येतो.