जुलाब थांबतच नाहीत? मग मोजायला घ्या

आधीच सांगतो, महिनोन्‌महिने जुलाब म्हणजे लगेच ट्यूमर असं काही नसतं. बहुतेकवेळा आयबीएस (आतड्याचा चिडचिडेपणा), दूध न पचणं, थायरॉईड नाहीतर शुगरची मेटफॉर्मिनच निघते. मी लिहितोय तो व्हायपोमा, वर्षाला एक कोटीत साधारण एकाला होणारा. पण सगळं तपासून झालंय आणि संडासच्या वाऱ्या चालूच आहेत, तर वाचा.

स्वादुपिंडातली ही गाठ व्हीआयपी नावाचं हार्मोन सोडत राहते (नाव बघा आणि उद्योग बघा), त्याने आतडं स्वतःच पाणी आणि क्षार बाहेर टाकतं. म्हणजे खाण्याशी संबंधच नाही, दूध बंद केलं, गहू बंद केला, नुसत्या ताकभातावर राहिलात तरी फरक शून्य, रात्री झोपेतूनही उठावं लागतं. बाहेर पडतं ते कोऱ्या चहासारखं पाणी, वासही फारसा नाही.

आता काम. खुणा केलेला प्लॅस्टिकचा डबा घ्या, चोवीस तासांचं सगळं मोजा, लघवी त्यात मिसळू देऊ नका, वेळ आणि मिली वहीत लिहा. किळस वाटते, मान्य, पण "खूप होतात हो डॉक्टर" यापेक्षा "काल साडेतीन लिटर" हे ऐकून डॉक्टर खुर्चीत सरळ बसतात. व्हायपोमात बऱ्याचदा 3 लिटरच्या वर जातं, दिवसाला 700 मिलीपेक्षा कमी असेल तर हा आजार जवळपास बाद.

दुसरी खूण उपासाची. खाणं बंद केलं तरी जुलाब चालूच राहतात. पण हे घरी करून बघू नका प्लीज, ॲडमिट होऊन सलाईनवरच, कारण पोटॅशियम आधीच तळाला गेलेलं असतं.

मग डॉक्टरांना जुलाबाच्या पाण्यातलं सोडियम-पोटॅशियम तपासायला सांगा. दोन्हींची बेरीज दुप्पट करून 290 मधून वजा करायची, उत्तर 50 च्या खाली आलं तर पाणी आतडंच सोडतंय. रक्तातलं व्हीआयपी मात्र जुलाब जोरात असतानाच काढायचं, मधल्या बऱ्या दिवसांत नॉर्मल येऊ शकतं. सोबत कॅल्शियम आणि शुगर पण बघतात.

याचाच एक भाऊ गॅस्ट्रिनोमा, म्हणजे गॅस्ट्रिन नावाचं हार्मोन सोडणारी गाठ, त्यात ॲसिड भयंकर वाढतं, अल्सर होतात आणि पॅन्टोप्राझोल या ॲसिडच्या गोळीने जुलाब कमी होतात. तुम्हाला तसं होत असेल तर आवर्जून सांगा. गॅस्ट्रिनच्या टेस्टसाठी गोळी मनाने बंद करू नका, अल्सरमधून रक्तस्राव होऊ शकतो.

पुढे सीटी, गॅलियम डोटाटेट पेट स्कॅन (अशा गाठी शोधणारा), हार्मोन दाबणारी ऑक्ट्रिओटाइडची इंजेक्शनं आणि जमत असेल तर ऑपरेशन. निदान होईपर्यंत बऱ्याच जणांत गाठ लिव्हरला पोचलेली असते, म्हणून "बघू पुढच्या महिन्यात" नको.

पाय गळून गेलेत, छातीत धडधडतंय, लघवी कमी झालीय, तर वही-डबा राहू दे, आधी कॅज्युअल्टी गाठा.