प्लॅन ३०० चा, स्पीड ९४ वरच अडलेला: माझा अनुभव

ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो. इंटरनेट कंपनीने प्लॅन १०० वरून ३०० एमबीपीएसचा केला, पण स्पीड टेस्ट रात्री-अपरात्री कधीही केली तरी आकडा ९३-९४. राउटर रीस्टार्ट केला, रीसेट केला, डीएनएसची (वेबसाइटचे पत्ते शोधणारी) सेटिंग बदलली, तीनदा तक्रार नोंदवली. दर वेळी एकच उत्तर, "सर, आमच्याकडून ओके आहे." डोकं फिरायची वेळ आली होती.

खूण त्या ९४ च्या आकड्यातच होती. लाइन खराब असती तर स्पीड वर-खाली झाला असता. ९४ वर ठाम बसतो, म्हणजे वाटेत कुठेतरी पोर्ट (वायर खोचायची जागा) किंवा वायर १०० वर चालतेय; १०० च्या जोडणीवर प्रत्यक्षात साधारण इतकाच स्पीड मिळतो.

मग हे केलं. लॅपटॉप दुसऱ्या वायरने थेट फायबरच्या डब्याला, म्हणजे ओएनटीला जोडला. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये इथरनेटखाली 'लिंक स्पीड' (वायरच्या जोडणीचा वेग) पाहिला: १००० एमबीपीएस. म्हणजे डबा ठीक. नंतर राउटरच्या सेटिंग्जच्या पानावर वॅन पोर्टचा (जिथे ओएनटीकडून येणारी वायर लागते) लिंक स्पीड पाहिला: १००. राउटरचा पोर्ट १००० चा, म्हणजे दोष मधल्या वायरचा! ती स्लायडिंग खिडकीच्या फटीतून नेलेली, चेपलेली. १०० ला चारच तारा पुरतात, १००० ला आठही लागतात. निळी किंवा तपकिरी जोडी तुटली तरी नेट चालू राहतं, म्हणून कुणाला शंका येत नाही.

स्टेशनजवळून तयार कॅट ६ (१००० चा वेग पेलणारी) नेटवर्क वायर आणली, बदलली, आधी ओएनटी आणि दोन मिनिटांनी राउटर चालू केला. लिंक १०००, स्पीड २९० च्या वर. (वायफायवर तपासाल तर राउटरच्या ५ गिगाहर्ट्झच्या, म्हणजे जास्त वेगाच्या नेटवर्कलाच जोडा.)